पाळण्यात बसायचंय? आधी उंची मोजा!

पुण्याहून मुंबईला जाणारी आगगाडी खंडाळा सोडलं की थोड्याच वेळात मंकी हिलला थांबते. तिथं ना फलाट, ना वडेवाला, ना कुणी चढणारं-उतरणारं. तरी गाडी थांबते म्हणजे थांबतेच. डब्यातली मोठी माणसं पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "सिग्नल नसेल." कारण मात्र निराळंच आहे, बरं का!

बोरघाटातला हा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा उतार आहे ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की गाडी १ मीटर खाली आलेली असते. आगगाडीच्या मानानं हा उतार फारच कडक. इथं ब्रेकनं दगा दिला तर गाडी कुठं जाऊन थांबेल, ते सांगायला नको. म्हणून रेल्वेनं एक युक्ती केली आहे. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी मुख्य रुळाला एक फाटा काढलाय. हा फाटा खाली न उतरता डोंगरावर चढतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. रुळांचे सांधे एरवी या फाट्याकडेच वळवून ठेवलेले असतात. न थांबता भरधाव आलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि तिथं तिचा जोर संपतो. जी गाडी शहाण्यासारखी थांबून दाखवते, तिचे ब्रेक ठीक आहेत अशी खात्री पटते, तिच्यासाठीच सांधे बदलतात आणि तिला खालची वाट मिळते.

थोडक्यात, घाटाचं पहिलं उत्तर नेहमी 'नाही' असं असतं. 'हो' कमवावा लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या दोन भाचरांना हे सांगत होतो. आम्ही मात्र आगगाडीत नव्हतो, मोटारीनं एक्स्प्रेस वेवरून तोच घाट उतरत होतो. भाचा नववीत. व्हॉलीबॉल खेळतो. पायांत बूट नसतानाही १८८ सेंटीमीटर, म्हणजे सहा फूट दोन इंच! वर्गात त्याला जिराफ म्हणतात आणि त्यालाही त्याचं काही वाटत नाही. भाची पाचवीत, १३४ सेंटीमीटर. तिला मात्र उंचीचा विषय काढलेला अजिबात खपत नाही. आम्ही निघालो होतो इमॅजिकाला. दोघांच्याही डोक्यात एकच नाव होतं, नायट्रो.

खोपोलीला एक्स्प्रेस वे सोडला की पालीचा रस्ता लागतो. अलीकडे महडचा वरदविनायक, पलीकडे पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकाला जाणारी मंडळी वर्षानुवर्षं ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेवर सांगडेवाडीला २०१३ साली हे मोठं पार्क सुरू झालं. खोपोलीपाशी डोंगरावरून टाटांच्या वीजघराकडे उतरणारे पाण्याचे जाडजूड नळ आहेत. लोणावळ्याच्या बाजूचं तळ्यांतलं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून इथं १९१५ सालापासून वीज करतात. "मामा, याचा नायट्रोशी काय संबंध?" असं भाचीनं विचारलंच. संबंध आहे. नायट्रोला इंजिन नाही. साखळी गाडीला ओढून सुमारे ४० मीटर उंचावर, म्हणजे तेरा मजली इमारतीच्या गच्चीएवढं वर नेते आणि सोडून देते. पुढचा सगळा प्रवास त्या उंचीच्या जोरावर. नळातलं पाणी जसं, तशी ही गाडी. खाली येईपर्यंत वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो. वाटेत ती पाच वेळा उलटी होते.

आम्ही लहान होतो तेव्हा असलं काही जवळपास नव्हतं. पेशवे पार्कातली १९५६ सालची फुलराणी हीच आमची मोठी रेल्वे. नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेत आकाशपाळणे लागायचे. पाळण्यात बसलं की पाळणेवाला समोरून एक आडवी कांब टाकायचा, तिला खीळ घालायचा आणि "घट धरा" म्हणायचा. संपली सुरक्षा! तुमच्या आईबाबांनी १९८९ साली गोराईला सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड पाहिलं असेल. खाडी ओलांडून लाँचनं जायचं, अर्धी मजा त्यातच. ते २०२२ साली बंद झालं. तिथल्या झिपर डिपरची आठवण काढा, घरातल्या मोठ्या माणसांचे चेहरे कसे खुलतात ते पाहा.

आकाशपाळण्याला ती कांब पुरते, कारण तो हळू फिरतो. तुम्हाला बाकावर बसवून ठेवायचं काम तुमचं वजनच करतं. रोलर कोस्टरचं तसं नाही. आता एक कोडं घालतो. रोलर कोस्टरमध्ये माणूस पडायचा धोका सर्वांत जास्त केव्हा असतो?

"उलटं झाल्यावर!" भाचा म्हणाला. तुम्हीही तेच म्हणालात ना?

चूक. बादलीत पाणी घ्या आणि हात ताठ ठेवून बादली गरगर फिरवा. (बाथरूममध्ये नको, अंगणात!) बादली डोक्यावर उलटी असते तेव्हाही पाणी सांडत नाही. पाणी सरळ जाऊ पाहतं, बादली त्याला वळवते, म्हणून ते तळाला चिकटून राहतं. चांगल्या आकाराच्या वेढ्यात कोस्टरमधला माणूस असाच आसनाला दाबला जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७६ साली 'रेव्होल्यूशन' नावाचा कोस्टर सुरू झाला. त्यात गाडी सबंध उभा वेढा घ्यायची, आणि प्रवाशांना धरायला होता फक्त मांडीवरचा एक दांडा. खांद्यावर काही नाही. तरी वेढ्यात माणसं जागच्या जागी राहिली.

खरी गंमत टेकाडावर होते. एस.टी.च्या सगळ्यात मागच्या बाकावर बसला आहात कधी? गाडी गतिरोधकावरून दणकन गेली की आपण क्षणभर हवेत असतो आणि डबा मांडीवरून उडतो. गाडी खाली गेलेली असते, आपण मात्र अजून वरच निघालेले असतो. कोस्टर टेकाडावरून खाली वळतो तेव्हा हेच होतं, फक्त कितीतरी जास्त जोरानं. पोटात गोळा येतो तो याच वेळी. आणि याच वेळी तुम्हाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं.

पूर्वी याचा फारसा विचार करावा लागत नसे. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला १८८४ साली सुरू झालेला अशा तऱ्हेचा पाळणा ताशी दहा किलोमीटरच्या आसपास जायचा. आपली सायकल त्याला सहज मागं टाकेल! पुढं जॉन मिलर नावाच्या इंजिनिअरनं रुळाच्या खालून लागणारी चाकं बसवली. त्यामुळं गाडी रूळ सोडून उडेनाशी झाली. मग गाडी वाटेल तितक्या जोरात टेकाडावरून काढता येऊ लागली. गाडी रुळाला धरून राहिली. माणसाला गाडीत धरायचं काम तेवढं उरलं.

ते काम करतं मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरून खाली येणारी जाड चौकट. तिला हार्नेस म्हणतात. नायट्रोला हार्नेस आहे. हा कोस्टर स्वित्झर्लंडच्या बॉलिगर आणि माबियार्ड या कंपनीनं बनवलाय. चार-चार जण एका ओळीत बसतात आणि आसनाखाली जमीनच नसते. सगळे बसले, हार्नेस लागले की पायाखालचा फलाट खाली सरकतो आणि पाय लोंबकळू लागतात. बसलेल्यांचे चेहरे त्या क्षणी पाहण्यासारखे असतात.

रांगेच्या तोंडाशीच उंची मोजायची पट्टी होती. आमच्या भाचीनं सकाळीच तयारी केली होती. वेणी टाळूवर उंच बांधलेली, पायात जाड तळव्याचे बूट. पट्टीपाशी टाचाही किंचित वर गेल्या. तिथल्या दादानं हसत हसत तळहात वेणीवर ठेवला आणि हळूच खाली दाबला. वेणी बसली. टाचाही बसल्या. अशा जातीच्या कोस्टरला सर्वसाधारणपणे १३७ ते १४० सेंटीमीटर उंची लागते. भाची काठाच्या खालीच राहिली.

तिच्या मागं एक गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते. मुलगा दोन बोटं कमी भरला. "अहो, दोन सेंटीमीटरनं काय होतंय? एवढ्या लांबून आलोय, तिकीट काढलंय!" दादा शांतपणे "नाही साहेब" म्हणत राहिला. मला त्या दादाचं फार कौतुक वाटलं. दिवसभरात हे वाक्य त्याला किती जण ऐकवत असतील! आणि खरं सांगू का, आपल्याकडे मोठ्या माणसांनाच 'नाही' ऐकायची सवय कमी. मुलगा बिचारा बाजूला झालाही होता.

दोन सेंटीमीटरनं काय होतं? हार्नेस खाली येतो तो खांद्यांवर आणि छातीवर बसण्यासाठी. लहान मुलाचे खांदे खाली असतात, कंबर बारीक असते. हार्नेस शेवटपर्यंत आला तरी अंग आणि चौकट यांच्यात फट राहते. टेकाडावर गाडी खाली गेली की मूल त्या फटीत वर उचललं जातं, वळणावर आडवं सरकतं. रेघ कुठंतरी आखावीच लागते. आणि ती रेघ तुमचं वय विचारत नाही, परीक्षेतले मार्क विचारत नाही, तुम्ही भित्रे की शूर तेही विचारत नाही. तिला एवढंच कळून घ्यायचं असतं, की हा लोखंडी हात या अंगाला नीट धरील का?

ही झाली खालची रेघ. ती सगळ्यांना माहीत असते. पण वरचीही रेघ असते, हे ठाऊक आहे?

परदेशातल्या कित्येक कोस्टरवर '१९५ सेंटीमीटरहून उंच व्यक्तींना प्रवेश नाही' अशा अर्थाची पाटी असते. कुठं आकडा १९६ असतो. म्हणजे साधारण सहा फूट पाच इंच. माझ्या ओळखीचा एक पुणेकर बास्केटबॉलपटू नोकरीसाठी जर्मनीत असतो. उंची सहा फूट सहा इंच. एका पार्कात तासभर रांगेत उभा राहून तो आसनापर्यंत पोचला. हार्नेस खांद्याला टेकला तो टेकलाच, पुढं खाली येईना. तिथल्या मुलीनं दोनदा दाबून पाहिलं आणि 'सॉरी' म्हणून त्याला उठवलं. गाडीतले सगळे बघत होते. "मामा," त्याच्याएवढाच हळवा होत भाचा म्हणाला, "लहान मुलांना नाही म्हटलं तर ठीक आहे, ती मोठी होतात. उंच माणसानं काय करायचं?"

प्रश्न बरोबर आहे. पुण्याला तर उंच माणसांचं कौतुक फार. इथलंच एक जोडपं देशातलं सर्वांत उंच जोडपं म्हणून १९८९ साली लिम्का बुकात झळकलं होतं. नवरा सात फुटांहून उंच आणि बायको सहा फुटांहून! अशांना दार, पलंग, बसचं बाक, काहीच मापाचं मिळत नाही. त्यात पाळण्याची भर.

पण हार्नेसच्या बाजूनं विचार करून पाहू. हार्नेस आसनाच्या पाठीमागं वर एका बिजागरीवर बसवलेला असतो. तो गोल फिरत खाली येतो. तुमचे खांदे त्या बिजागरीच्या मानानं फार वर असले, तर तो वाटेतच खांद्यांना अडकतो. कुलूप लागायला जेवढं खाली यायला हवं, तेवढं तो येत नाही. आला तरी छातीवर न बसता खांद्यांवर भार देऊन बसतो, आणि मग प्रत्येक दणका सरळ मणक्यात. मांडीवरच्या दांड्याची अडचण वेगळी. लांब मांड्यांच्या माणसाचे गुडघे पुढच्या आसनाला टेकतात, त्याला मागं नीट रेलून बसता येत नाही, आणि दांडा कमरेजवळ बसायच्या ऐवजी गुडघ्यांकडे सरकतो. दांडा कमरेजवळ, मांडीच्या मुळाशी बसला तरच माणूस धरला जातो.

इथं एक मजेदार गोष्ट आहे. पट्टी मोजते उभी उंची. हार्नेसला हवी असते बसकी उंची! मोठ्या माणसाची बसकी उंची उभ्या उंचीच्या साधारण ५२ टक्के असते. पण हे झालं सरासरीचं. कुणाचे पाय लांब, तर कुणाचं धड लांब. घरी करून पाहा. दोघं-तिघं मित्र जमा. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून जमिनीवर ताठ बसा आणि डोक्याच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करा. खांद्यापाशीही एक करा. (भिंत नुकतीच रंगवलेली असेल तर आईला आधी विचारा.) उभं राहिल्यावर जो उंच, तोच बसल्यावर उंच निघेल असं मुळीच नाही. वर्गातला जिराफ आणि त्याच्या खांद्याला लागणारा मित्र बसल्यावर जवळजवळ सारखे निघाले, असंही होतं. म्हणून एकाच उंचीच्या दोन माणसांपैकी एकाला हार्नेस बसतो आणि दुसऱ्याला बसत नाही. जिथं वरच्या रेघेची पाटी नसते, तिथंही शेवटचा निकाल आसनावरच लागतो.

हे ओळखून पुष्कळ पार्कांत रांगेच्या सुरुवातीला एक रिकामं आसन ठेवलेलं असतं. उंच किंवा जाड माणसानं आधी त्यात बसून हार्नेस लावून पाहायचा. चारचौघांत, गाडीत बसून उठण्यापेक्षा हे कितीतरी बरं. काही कोस्टरवर ठरावीक ओळींत जरा मोठ्या मापाची आसनं असतात, जोड पट्ट्यांची. दिसत नसलं तरी विचारावं. विचारायला लाज कसली? बुटांच्या दुकानात आपण नंबर सांगतोच की!

वरच्या रेघेचं दुसरं कारण म्हणजे हात. टेकाडावर सगळे हात वर करून ओरडतात. कोस्टरचा रूळ स्वतःच्याच खांबांमधून, कमानींखालून, कधी बोगद्यातून जातो. हात कुठंही आपटता कामा नये. ढोबळ हिशोब करून पाहा. १५० सेंटीमीटरचं मूल बसून हात वर करतं तेव्हा बोटं आसनापासून सुमारे १२० सेंटीमीटरवर असतात. १९६ सेंटीमीटरच्या माणसाची बोटं दीड मीटरच्याही वर जातात. फरक एक फुटाहून जास्त! रेल्वे फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर एक लोखंडी कमान पाहिली असेल. ट्रकमधला कडबा किंवा सामान तिच्याखालून गेलं, तरच ते पुढच्या विजेच्या तारेला लागणार नाही. कोस्टर बांधताना असंच करतात. सर्वांत लांब हातापायांच्या माणसाभोवती हवेची एक मोकळी जागा धरतात. गाडीवर त्या मापाची चौकट बसवून सबंध रुळावरून फिरवतात. चौकट कुठं घासली, तर खांब हलवतात. ज्याचं अंग त्या मापात मावत नाही, त्याला घेता येत नाही. त्याच्याशी कुणाचं वैर नाही.

आता कुलूप. भाच्याची शंका अशी की, "वीज गेली तर हार्नेस उघडेल का?" मंकी हिल आठवा. चांगल्या हार्नेसचं कुलूप एरवी लागलेलंच असतं. उघडायला जोर लागतो, लागून राहायला लागत नाही. आगगाडीच्या ब्रेकचंही तसंच. नळीत हवेचा दाब असला तर ब्रेक सुटतो. नळी फुटली, हवा गेली, की ब्रेक लागतो. काहीही बिघडलं तरी उत्तर 'नाही' असंच यायला हवं. शिवाय एका कुलपावर भरवसा ठेवत नाहीत, प्रत्येक आसनाला दोन-दोन ठेवतात. वर खाली ओढून लावायचा पट्टा. आणि हार्नेस पुरेसा खाली आला की नाही, हे पाहणारा सेन्सर. तो बसला नाही तर गाडी सुटतच नाही.

हे सगळं असूनही घात होतो का? होतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात २४ मार्च २०२२ रोजी झाला. पाळणा नवाच होता. सुमारे १३० मीटर उंच मनोरा, वरून माणसांना बसल्या जागी खाली सोडायचं. एक १४ वर्षांचा मुलगा त्यात बसला. तुमच्यातल्या कित्येकांच्या वयाचा. सहा फुटांहून उंच, अंगानं भरदार, फुटबॉल खेळणारा. पाळणा बनवणाऱ्यांनी वजनाची मर्यादा १३० किलोच्या आसपास सांगितली होती, त्याचं वजन त्याहून बरंच जास्त होतं. त्याला कुणी अडवलं नाही. हार्नेस त्याच्या अंगावर नेहमीपेक्षा बराच उघडा राहिला होता. तरीही दिवा लागला आणि पाळणा सुटला. खाली येताना वेग कमी होऊ लागला, तेव्हा तो आसनातून निसटला आणि दगावला.

दिवा का लागला? चौकशीत निघालं की, त्या आसनाचा सेन्सर हातानं सरकवून ठेवलेला होता. हार्नेस जास्त उघडा असला तरी सेन्सरनं 'ठीक आहे' म्हणावं, असा. बाकी पट्टाही नव्हता. तो मनोरा पुढं २०२३ साली उतरवला गेला आणि त्याच वर्षी फ्लोरिडात अशा पाळण्यांसाठी नवा कायदा झाला. मुलाचा यात काय दोष होता? काहीच नाही. त्याला 'नाही' म्हणणारं यंत्र होतं, त्या यंत्राला कुणीतरी 'हो' म्हणायला शिकवलं होतं.

मोटारीत हे सांगून झाल्यावर दोघंही बराच वेळ गप्प होती. सुट्टीच्या दिवशी असलं सांगावं का, असं तुमच्या आईबाबांना वाटेल. मला वाटतं, सांगावं. कारण आपल्याकडे हार्नेस सैल राहावा म्हणून मुलं काय काय करतात, ते मी पाहिलंय. कुणी दांडा येताना पोट फुगवतं, कुणी मांडीवर मूठ ठेवतं, कुणी पुढं सरकून बसतं. थोडी ऐसपैस जागा मिळाली की खुश! अरे, ही म्हणजे आपल्या हातानं सेन्सर सरकवण्याचीच जात झाली. बसताना पाठ आणि कंबर आसनाला अगदी मागं टेकवायची, डोकं टेकवायचं, मग हार्नेस खाली घ्यायचा. उंच मुलांनी तर खांदे पाडून, वाकून 'मावून' दाखवायचा प्रयत्न अजिबात करू नये. वाकून लागलेला हार्नेस पहिल्याच टेकाडावर ताठ झालेल्या पाठीला सैल किंवा जीवघेणा घट्ट होणार.

आमचा भाचा ताठच बसला. मी त्याच्या शेजारी. हार्नेस त्याच्या खांद्यांना टेकला तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. ओठ घट्ट मिटलेले. दादानं वरून एकदा दाबलं. मग म्हणाला, "मागं सरक. अजून. हां." पुन्हा दाबलं. खट् असा आवाज आला. पट्टा लागला. दादानं तरीही हार्नेस वर उचलायचा प्रयत्न करून पाहिला, एकदा नाही, दोनदा. हलला नाही. मग अंगठा वर. पायाखालचा फलाट सरकला, आणि पुढचं दीड-दोन मिनिटांचं काही मला नीट सांगता येणार नाही, कारण माझे डोळे बऱ्यापैकी मिटलेले होते. भाचा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडत होता, एवढं खात्रीनं सांगतो.

खाली भाची मावशीबरोबर मक्याचं कणीस खात बसली होती. आधी बोलेचना. मग हिशोब सुरू झाला. "मामा, मी वर्षाला किती वाढते?" तिच्या वयाच्या मुली वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. घरच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला केलेल्या खुणा हेच सांगतात. "म्हणजे पुढच्या दिवाळीत १३९-१४०!" तिनं बोटांवर मोजलं. भाच्यानं तिचं कणीस पळवत स्वतःचाही हिशोब केला. १८८ झालेत, मुलगे सतरा-अठरापर्यंत वाढतात, १९५ ला सात उरले. ती वर मोजत होती, तो खाली मोजत होता.

शेवटी दोघांचं असं ठरलं की पुढच्या दिवाळीतच यायचं. तेव्हा दोघंही दोन रेघांच्या मधे असतील.